उपाशी मोटार

परवा अंमळनेरला, जळालेल्या मोटारीत नव्या तारा गुंडाळून देणाऱ्या रिवायंडिंगच्या दुकानात माझी जी शोभा झाली, ती अजून घशाखाली उतरलेली नाही. मी पंधरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो, हे आधी सांगून ठेवतो. कारण दुकानातल्या आप्पांनी ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंच आहे.

झालं एवढंच की घरच्या बोअरची नवी दीड एचपीची, पाण्यात बुडवून ठेवायची सबमर्सिबल मोटार दुसऱ्याच दिवशी जळाली. कारागिराने ती खोलली, नाकाजवळ नेली, आणि एवढंच विचारलं, ''सर, सोडायच्या आधी पाणी भरलं होतं का?''

''अहो, ती एकशेसत्तर फुटांवर पाण्यातच आहे. तिच्यात आणखी पाणी कशाला भरायचं?''

दुकान गप्प झालं. मग कोपऱ्यातल्या बाकड्यावरून आवाज आला, ''मास्तर, मासा पानीमा ऱ्हास ना?''

हे आप्पा. त्यांची मोटार नाही, विहीर नाही, तिथे कसलंही काम नाही. पंख्याखाली बसायला येतात, आणि मे महिन्यात आमच्याकडे तेच काम असतं.

''राहतो.''

''त्याना पोटमा पानी नई गये ते तो जगी का?''

मी म्हणालो, आप्पा, मासा आणि मोटार यांत फरक आहे. आप्पांनी कारागिराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कारागिराकडे. ''शिकेल मानूस शे, पन उपाशी मोटार पानीमा सोडी दिन्ही!'' एवढ्यात पाइप न्यायला एक गिऱ्हाईक आलं. आप्पांनी त्याला गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तिसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत गोष्टीत माझी बायकोही आली होती, आणि ती मला आधीच 'पाणी भरा' म्हणाली होती. ती असं काही म्हणाली नव्हती. प्लंबर म्हणाला होता. त्याने बादली उचललीही होती, आणि मीच ओरडलो होतो, ''अरे, कोऱ्या मोटारीत पाणी ओततोस काय, शॉर्ट होईल!''

हे मी दुकानात सांगितलं नाही.

कारागिराने मला वाइंडिंगची, म्हणजे मोटारीतल्या गुंडाळीची, तार दाखवली. तांब्याच्या प्रत्येक तारेवर प्लास्टिकचं घट्ट आवरण. पाणी तांब्याला शिवतच नाही, म्हणून आत भरलं तरी चालतं. उलट तेच पाणी बेअरिंगला वंगण, आणि तेच वाइंडिंगची उष्णता बाहेरच्या पत्र्यापर्यंत नेतं. बोअरचं पाणी वर चढताना तो पत्रा गार करत जातं. माझ्या मोटारीच्या पोटात मात्र हवा होती. खालचं कार्बनचं बेअरिंग कोरडं घासून काळं ठिक्कर पडलं होतं. कारागीर म्हणाला, काही मोटारींत पाण्याऐवजी तेल असतं, ते कारखान्यातूनच भरून येतं. म्हणजे माझं अज्ञान अगदीच निराधार नव्हतं. आप्पांनी हे ऐकलं नाही. सोयीस्करपणे.

वॉरंटी? कार्डावर मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत लिहिलंय: पाणी न भरता चालवल्यास वॉरंटी रद्द. हे मराठीत, मोटारीच्या अंगावर लिहायला किती शाई लागली असती?

आणि ज्या घरात ही मोटार आहे त्याच घरातला कूलर बघा. त्याचा पंप दिवसभर पाण्यात बुडून असतो. वाइंडिंग राळेत ओतून बंद केलेलं, त्याला काही होत नाही. पण बाहेरची वायर सोलवटली की कूलरचा पत्रा झटका मारतो. घर बांधताना इलेक्ट्रिशियनने सॉकेटच्या तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकाला वायरच जोडली नव्हती, हे मला आठ वर्षांनी, झटका बसल्यावर कळलं. खानदेशातलं पोर चालायला लागलं की आधी शिकतं, कूलरला उलटा हात लावायचा. दर उन्हाळ्यात कूलरच्या झटक्याने कोणी ना कोणी जातं, आणि आपण पंख्याचा आवाज किती येतो यावर भांडत बसतो.

असो. रिवायंडिंगचे बत्तीसशे आणि पाइप ओढणाऱ्या चौघांचे हजार मोजले. मोटार सोडायच्या दिवशी आप्पा न बोलावता हजर. चहा घेतला, खुर्ची मागितली, अंगणात बसले. मी गाळलेलं पाणी मोटारीत ओतत होतो, भोकातून बुडबुडे येत होते. शेवटी बुडबुडे थांबले असं वाटलं, मी बूच हातात घेतलं.

''थांब मास्तर,'' आप्पा चष्मा पुसत म्हणाले, ''आजून एक शे.''