ईडीटीएला काय कळतंय, हा धातू चांगला की वाईट?

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवून झालाय. थोडक्यात असं की किलेशनच्या, म्हणजे शरीरातले धातू काढायच्या उपचाराच्या, सलाइनमधे ईडीटीए नावाचा रेणू असतो, तो शरीरातले पारा, शिसं असे फक्त विषारी धातू पकडून लघवीवाटे बाहेर काढतो, रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम विरघळवून ब्लॉकेज मोकळं करतो, लघवीच्या टेस्टमधे त्याचा पुरावा दिसतो, आणि तो शाम्पूतसुद्धा असतो म्हणजे अपाय शून्य. यातला "पकडतो" एवढा शब्द खरा आहे. बाकीच्याचं बघू.

आधी ते "फक्त विषारी". धातूच्या अणूला स्वतःकडची इलेक्ट्रॉनची जोडी देऊन जो चिकटतो तो लिगंड, आणि एकाच वेळी दोन किंवा जास्त ठिकाणी धरतो तो किलेटर, खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलंय. ईडीटीएला अशा सहा जागा आहेत, चार ऑक्सिजन आणि दोन नायट्रोजन, त्यामुळे धातू त्याच्या पार मधोमध अडकतो. पण कुठला धातू? तर जो हाताला लागेल आणि ज्यावर पकड बसेल तो. विषारी-बिनविषारी हा आपला हिशोब झाला, रेणूचा नाही.

मी लॅबमधे काम करतो, तिथलंच सांगतो. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला, जांभळ्या टोपणाची ट्यूब असते ना, तिच्यात आतून ईडीटीएचा पोटॅशियम क्षार लावलेला असतो. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ईडीटीए ते धरून बसतो, म्हणून त्या ट्यूबमधलं रक्त गोठत नाही. नवीन असताना एकदा मी घाईत जांभळ्या ट्यूबमधलं थोडं रक्त दुसऱ्या ट्यूबमधे ओतलं आणि ते बायोकेमिस्ट्रीला गेलं. रिपोर्ट काय आला, पोटॅशियम आभाळाला, कॅल्शियम जवळजवळ गायब, अल्कलाइन फॉस्फटेजही पडलेलं कारण त्या एन्झाइमला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं आणि ते दोन्ही ईडीटीएने उचललेले. सीनियर म्हणाले, हा रिपोर्ट खरा असेल तर पेशंट आत्ता बाहेर बसून पेपर वाचत नसता. निरोगी माणसाचं रक्त होतं ते, विषारी काही नव्हतंच त्यात, तरी नांगीने आपलं काम केलं.

आता कोणी म्हणेल की शिशावर त्याची पकड कॅल्शियमपेक्षा घट्ट आहे. बरोबर आहे, जवळजवळ दोन कोटी पट घट्ट आहे. पण गर्दी पण बघा की. रक्तात शिसं १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असलं तरी कॅल्शियमचे अणू त्याच्या पाचेक हजार पट असतात, म्हणजे मोकळा ईडीटीए शिरेतून गेला की पहिली गाठ कॅल्शियमशीच. म्हणूनच शिशाच्या विषबाधेत डॉक्टर जे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए देतात त्यात कॅल्शियम आधीच भरलेलं असतं, शिसं येऊन त्याला हुसकावतं आणि ती जागा घेतं. नुसता डायसोडियम ईडीटीए वेगळा. नावात एका शब्दाचा फरक, पण २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत किलेशननंतर रक्तातलं कॅल्शियम कोसळून तीन माणसं गेली, त्यातली दोन लहान मुलं. "अपाय शून्य"वाल्यांनी हे एकदा वाचावं.

आणि पाऱ्याचं नाव तर मेसेजमधे सगळ्यात वर आहे. टेस्टट्यूबमधे ईडीटीए पाऱ्याला चांगला धरतो, पण शरीरात पारा प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटून बसलेला असतो आणि तिथून ईडीटीए त्याला सोडवू शकत नाही. त्याला गंधकवालाच लिगंड लागतो, डीएमएसए नावाच्या औषधासारखा. एका नांगीने सगळी कुलपं उघडत नाहीत.

ब्लॉकेजचं म्हणाल तर ते काही नळात साचलेला क्षार नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत चरबी, पेशी, तंतू आणि त्यात कुठेकुठे कॅल्शियम, असा तो प्रकार असतो. तरी यावर नीट अभ्यास झाले, कोणी दाबून ठेवलेलं नाही. २०१३ साली आलेल्या टॅक्ट या चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेले १७०८ पेशंट होते, आणि खरं सांगायचं तर थोडा फायदा दिसलाही, मुख्यतः डायबेटिसवाल्यांमधे. मेसेज इथेच थांबतो! पुढे खास डायबेटिसवाल्यांवर तीच चाचणी पुन्हा केली, तिचा निकाल २०२४ मधे आला: रक्तातलं शिसं ६१ टक्क्यांनी कमी झालं, आणि हृदयाचे त्रास ईडीटीएच्या सलाइनवाल्यांत ३५.६ टक्के, ईडीटीए नसलेल्या खोट्या सलाइनवाल्यांत ३५.७ टक्के. म्हणजे नांगीने शिसं पकडलं, हृदयाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

लघवीच्या टेस्टचा पुरावा मात्र मला भारी वाटतो. आधी किलेटर द्यायचा, मग लघवी तपासायची, आणि धातू वाढलेले दिसले की म्हणायचं बघा किती विष होतं. अहो, किलेटर दिल्यावर धातू वाढणारच, कोणाचेही वाढतील, आणि तुलना करतात ती किलेटर न घेतलेल्या लोकांच्या आकड्यांशी.

शाम्पूवाला मुद्दा दोन ओळींचा. शाम्पूत तो पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरायला असतो, कातडीतून फारसा आत जात नाही, पोटात गेला तरी पाच टक्क्यांहून कमी शोषला जातो. सलाइनमधून काही ग्रॅम थेट शिरेत जातात.

किलेशन थोतांड आहे असं मी म्हणत नाहीये. शिशाची खरी विषबाधा, विल्सन आजारात साठलेलं तांबं, आर्सेनिक, अशा ठिकाणी त्या त्या धातूसाठीच्या किलेटर औषधांनी जीव वाचतात. पण शिशाची शंका असेल तर आधी कुठलंही "काढणारं" औषध न घेता साधी रक्तातल्या शिशाची टेस्ट करा, आणि आकडा घेऊन डॉक्टरकडे जा.