दुखऱ्या मनगटाच्या पोरीला ‘देशासाठी’ म्हणून उडी मारायला लावणाऱ्यांनो

रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत आणि झोप लागत नाहीये. लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा, पण घरात आठ-दहा वर्षांची मुलगी असेल तर थांबा आणि वाचा.

आज ११ मे. इंदूरला आमच्या कॉलनीत मुलांच्या उन्हाळी शिबिराचा समारोप होता. राष्ट्रीय तंत्रज्ञान दिवस म्हणून कार्यक्रमाचा विषय ठरला पोखरण. स्टेजच्या मागे थर्माकोलचा भलामोठा अणुस्फोटाचा ढग, केशरी-पिवळा रंगवलेला, आत लाल दिवे. निवेदकानं पाच, चार, तीन असं मोजायचं आणि शून्य म्हटलं की एका मुलीनं धावत येऊन हातांवर कोलांटी घ्यायची, त्याच क्षणी ढगात दिवे लागायचे. मी विंगेत मुलांना पाणी द्यायला उभी होते. त्या मुलीच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. ती सरांना म्हणाली, "सर, दुख रहा है।" सर म्हणाले, "बेटा, देश के लिए इतना नहीं करोगी?"

ती गेली. उडी मारली. टाळ्या पडल्या. परत आली ती डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून, ओठ दाबून. रडलीसुद्धा नाही. रडायचं नसतं हे तिला शिकवून झालेलं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर माझी लेक उभी राहिली. ती अकरा वर्षांची होती, जिम्नॅस्टिक्सला जायची, निवड चाचणी तोंडावर आलेली. मनगट सुजायचं. तिथले सर म्हणायचे बर्फ लावा, टेप बांधा, एवढं दुखणारच. एक दिवस तिची मैत्रीण मला सहज म्हणाली, "काकू, तिच्या डब्याचं झाकण रोज मीच उघडते." तिला स्वतःच्या डब्याचं झाकण फिरवता येत नव्हतं आणि घरी ती बोलली नव्हती, कारण सरांनी सांगितलं होतं की खेळाडू तक्रार करत नाही. मी त्याच संध्याकाळी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी जी कूर्चा असते, जिथून हाड लांब होतं, तिच्यावर ताण येऊन ती दुखावली होती. हातांवर सगळं शरीर पेलणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. सक्त विश्रांती. सरांना सांगितलं तर म्हणे, "मुलीला फार नाजूक करून ठेवलंय तुम्ही."

असो. आधी त्या ढगाबद्दल बोलते, कारण तोही डोक्यातून जात नाहीये. पोखरणला असा ढग उठलाच नव्हता! १८ मे १९७४ची चाचणी शंभर मीटरपेक्षा खोल झाली, १९९८ची ११ आणि १३ मेची सुद्धा जमिनीखालीच. तसा ढग उठायचा तो उघड्यावरच्या चाचण्यांमध्ये आणि त्याच्या खाली माणसं होती. १ मार्च १९५४ला अमेरिकेनं बिकिनी बेटावर ‘कॅसल ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब फोडला. अंदाज होता सहा मेगाटनच्या आसपासचा, निघाला पंधराचा. राँगेलाप बेटावर पांढरी राख पडली आणि लहान मुलं त्या राखेत खेळली. एका जपानी मासेमारी बोटीवर २३ जण होते, त्यांच्यावरही तीच राख पडली, त्यांचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच सप्टेंबरमध्ये गेला. आणि आमच्याकडे त्या ढगासमोर पोरांना उभं करून सेल्फी काढले. मुलांना काय दाखवतोय याचा कुणी विचारच करत नाही का?

त्या स्फोटानंतर महिनाभरात, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत या चाचण्या थांबवा अशी मागणी केली होती. जगात हे इतक्या लवकर बोलणाऱ्यांत आपला देश होता. आज तंत्रज्ञान दिवसाच्या स्टेजवर हे एकानंही सांगितलं नाही.

आता कमेंटमध्ये केटवाले, म्हणजे इथल्या अणुऊर्जा विभागाच्या संशोधन केंद्रातले, मित्र येतील. येऊ द्या. ज्यांच्या नावानं आपल्या केट रोडवरची संस्था आहे त्या राजा रामण्णांनीच १९७४च्या चाचणीचं नेतृत्व केलं हे मला ठाऊक आहे, तिथे लेसर आणि अ‍ॅक्सिलरेटरचं काम चालतं हेही ठाऊक आहे. शेजार बघता आपल्याकडे बॉम्ब असलेला बरा असं माझ्या नवऱ्यालाही वाटतं. ठीक आहे, मानलं. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे.

भांडण हाडांचं आहे. हवेतल्या चाचण्यांमधून स्ट्रॉन्शियम-९० नावाचं किरणोत्सारी द्रव्य खाली यायचं. ते कॅल्शियमसारखं वागतं. पावसातून गवतावर, गवतातून गाईच्या दुधात, दुधातून मुलांच्या हाडांत आणि दातांत. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५८च्या अखेरीस काही डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि घरोघरच्या बायकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. जमता जमता तीन लाखांच्या घरात गेले. १९५०ला जन्मलेल्या मुलांपेक्षा १९६३ला जन्मलेल्यांच्या दातांत हे द्रव्य जवळजवळ पन्नास पट निघालं. दूध पाजणाऱ्या आईला कुणी विचारलं होतं? त्या बायकांबद्दल वाचते तेव्हा माझा राग निवतो. आपण आपल्या पोरांचे दात कुठे टाकतो? त्यांनी एकेक दात पाकिटात घालून, नाव-गाव, जन्मतारीख लिहून पाठवला.

५ ऑगस्ट १९६३ला मॉस्कोत करार झाला. हवेत, पाण्यात, अवकाशात चाचणी नको, जमिनीखाली चालेल. म्हणजे थांबलं काहीच नाही, नजरेआड गेलं. १९७०च्या डिसेंबरात नेवाडामध्ये एक भूमिगत स्फोट जमीन फाडून वर आलाच. कझाकस्तानात सेमिपालातिन्स्कला १९४९ ते १९८९ या चाळीस वर्षांत ४५६ चाचण्या झाल्या, आजूबाजूला गावं असताना. फ्रान्स १९७४पर्यंत हवेतच स्फोट करत राहिला आणि चीननं हवेतला शेवटचा केला ऑक्टोबर १९८०मध्ये.

त्याच १९८०च्या जुलैमध्ये मिन्स्कला एका मुलीची मान मोडली. एलेना मुखिना. १९७८ची जिम्नॅस्टिक्सची जागतिक विजेती, सोव्हिएत संघाची लाडकी, मॉस्को ऑलिंपिक दोन आठवड्यांवर आलेलं. आदल्या वर्षी पाय मोडला होता, तो नीट भरायच्या आत तिला पुन्हा सरावाला उभं केलं. ‘थॉमस साल्टो’ नावाची उडी होती, हवेत दीड गिरकी घेत पुढे येऊन मानेवर लोळत उतरायचं. ही उडी मारताना माझी मान मोडेल असं ती स्वतः सांगत होती. कुणी ऐकलं नाही. त्या वेळी ती वीस वर्षांची होती. मानेखालचं सगळं शरीर गेलं. शेहेचाळिसाव्या वर्षी, २००६ला, वारली. ती उडी पुढे बंद केली. मुलीचं म्हणणं आधी ऐकलं असतं तर?

माझी लेक तर सांगतसुद्धा नव्हती. झाकण मैत्रिणीकडून उघडून घेत होती. मुलं अशीच असतात, मोठ्यांच्या शब्दासाठी जीव टाकतात, आणि त्याच भरवशावर हा सगळा खेळ चाललाय.

रुमानियाची नादिया कोमानेची १९७६ला मॉन्ट्रियल ऑलिंपिकला दहापैकी दहा मिळवते तेव्हा ती चौदा वर्षांची. सगळं जग वेडं झालं, आमच्या घरी पेपरातला फोटो कपाटाच्या दाराला चिकटवलेला होता. वयाची अट १९८१ला पंधरा केली, १९९७ला सोळा. चौदाची सोळा व्हायला इतकी वर्षं लागली. तरीही चीननं २०००च्या सिडनी ऑलिंपिकला कमी वयाची मुलगी उतरवली आणि २०१०ला संघाचं पदक परत गेलं. त्याच सिडनीत मुलींच्या अंतिम फेरीत वॉल्टचा घोडा, धावत येऊन ज्यावर हात टेकून उडी मारतात तो, पाच सेंटिमीटर खाली लावला होता. मुली एकामागून एक पडत होत्या. आणि चूक लक्षात कुणाच्या आली? एका खेळाडू मुलीच्या! मापं घेणारे सगळे मोठे तिथेच हजर होते.

मी खेळाच्या विरोधात नाही हो. मल्लखांब मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे, मुली काय सुंदर करतात, पाहावं तेवढं कमी. २०१६ला दीपा कर्माकरनं रिओ ऑलिंपिकला वॉल्टवरची प्रोदुनोव्हा ही अतिशय धोक्याची उडी मारली, पदक गुणाच्या पंधरा शतांशांनी गेलं, तेव्हा अख्खं घर जागं होतं आणि मी रडत होते. पण दीपा तेव्हा तेवीस वर्षांची होती, तिनं ती उडी स्वतः निवडली होती. आणि उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोविटिना बघा! लेकाला ल्युकेमिया झाला तर उपचारांसाठी जर्मनीत गेली, तिथून खेळून २००८ला तेहेतिसाव्या वर्षी वॉल्टचं रौप्य घेतलं, टोकियोला शेहेचाळिसाव्या वर्षी उतरली. बाई झालेल्या बाईला हा खेळ येतो. मग लहान पोरींचीच घाई का? कारण लहान पोरगी नाही म्हणत नाही.

टोकियोतच अमेरिकेच्या सिमोन बाइल्सनं नाही म्हटलं. हवेत आपण कुठे आहोत तेच कळेना, म्हणून मध्येच बाहेर पडली. तेव्हा आपल्याच ग्रुपवर तिला पळपुटी म्हणणारे होते. नावं घेत नाही, पण लक्षात आहेत. तिची मान तिची होती, तुमच्या झेंड्याची नव्हती.

हं, मेहनत, शिस्त, थोडं दुखणं हे लागतंच, त्याशिवाय कुणी घडत नाही. मान्य. पण थोडं किती ते ज्याचं दुखतं त्यानं ठरवायचं, मूल लहान असेल तर आई-बापानं आणि डॉक्टरांनी. शिट्टीवाल्यानं नाही, निवेदकानं नाही.

त्या मुलीच्या आईशी मघाशी फोनवर बोलले. तिला बँडेज मुलीनं "ऐसे ही" बांधलंय एवढंच माहीत होतं. सकाळी एक्स-रे काढायला मी सोबत जाणार आहे. तिथून साडेदहाला कमिटीच्या लोकांना भेटणार आहे. शिबिरात मुलाला दुखलं तर त्याच क्षणी थांबवायचं आणि घरी फोन करायचा, हे सूचनाफलकावर लिहून लावा म्हणणार आहे. आणि तो ढग आजच्या आज उतरवा. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, जिथून जमेल तिथून या, चार बायका असल्या तर ऐकतील. वाद घालायचा असेल त्यांनी परवा घाला, उद्या मला वेळ नाही.