मुलींच्या स्पर्धेचं काय झालं, तेही लिहा

कोविडमुळे डिसेंबर 2021 मध्ये कॅनडातल्या एडमंटनची वीस वर्षांखालील मुलांची जागतिक आइस हॉकी स्पर्धा सुरू होऊन चार दिवसांत थांबली आणि ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा झाली. तुमच्या लेखात ही स्पर्धा थांबण्याला ‘तरुण खेळाडूंवरचा सर्वांत मोठा अन्याय’ म्हटलंय, ते मला पटलं नाही. मुलांची स्पर्धा 26 डिसेंबरला सुरू झाली, आणि त्याच्या दोनच दिवस आधी अठरा वर्षांखालील मुलींची जानेवारीत स्वीडनमध्ये होणारी स्पर्धा थेट रद्द झाली होती. तीही सलग दुसऱ्या वर्षी! लेखात तिचा साधा उल्लेखही नाही.

माझी मुलगी तेव्हा इथे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात हॉकी खेळायची. बातमी वाचून तिने मला विचारलं, ‘आई, मुलांची होते मग आमची का नाही?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. बऱ्याच टीकेनंतर जून 2022 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला ती स्पर्धा झाली, कॅनडाच्या मुलींनी अंतिम सामन्यात अमेरिकेला 3-2 हरवलं. पण 2003 साली जन्मलेल्या मुलींसाठी 2021 ची रद्द झालेली स्पर्धा हीच शेवटची संधी होती. वयाची अट एकदा ओलांडली की ती जर्सी पुन्हा अंगावर चढत नाही.