प्रेज्मेरचं चर्च म्हणजे ड्रॅक्युलाचा किल्ला? काहीही हं!

रोमानिया फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय: ब्राशोव शहराजवळच्या प्रेज्मेर गावातलं तटबंदीवालं चर्च हा ट्युटॉनिक सरदारांनी (म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने) बांधलेला, ड्रॅक्युलाच्या पक्षातला किल्ला, सरदार आत सुरक्षित आणि गावकरी बाहेर, आणि आता आत बघण्यासारखं काही नाही, बाहेरून फोटो काढा न् ब्रानला, म्हणजे ड्रॅक्युलाच्या नावाने गाजलेल्या किल्ल्याकडे, पळा.

पहिलं म्हणजे सरदार. हा भाग तेव्हा हंगेरीच्या राजाकडे होता, त्याने त्यांना १२११ मध्ये बोलावलं आणि त्याच राजाने १२२५ मध्ये हाकललं. चर्चचं काम त्यांच्या काळात सुरू झालं हे खरं, पण तट १५व्या शतकातला, १४२१ मध्ये तुर्कांनी हा सगळा भाग लुटला त्यानंतरचा, आणि तो बांधला गावच्या जर्मन बोलणाऱ्या सॅक्सन लोकांनी, म्हणजे शेतकरी आणि कारागीर मंडळींनी.

आणि गावकरी बाहेर? अहो, तटाच्या आतल्या बाजूला चार मजल्यांवर अडीचशेच्या वर खोल्या आहेत, लाकडी जिने आणि सज्जे लावून एकावर एक रचलेल्या, प्रत्येक घराची आपापली खोली, दारावर नंबर, एरवी तिथे धान्य ठेवायचं आणि हल्ला झाला की बायकापोरांसकट आत येऊन राहायचं. पोरांची शाळा बुडू नये म्हणून आत वर्गसुद्धा होता! (पोरांचं काय मत होतं देव जाणे.) सरदारासाठी असला खटाटोप कोण करतं?

ड्रॅक्युलाचं तर उलटंच आहे. ज्या व्लाडवरून, म्हणजे शेजारच्या वालाकियाच्या राजावरून, ड्रॅक्युलाची ही सगळी जत्रा चालते त्याने १४५९-६० च्या सुमारास ब्राशोवच्या आसपासच्या याच सॅक्सन लोकांवर हल्ले केले होते. ते त्याचे मित्र कसले.

"आत काही नाही" हे लिहिणारा आत गेलाच नसणार. साधारण १२ मीटर उंच भिंतीच्या पोटातून अंधारा बोळ फिरतो, जंग्यांमधून बाहेर बघता येतं, राजगड-रायगड फिरलेल्याला तिथून हलवणं अवघड. चर्चमध्ये १५व्या शतकातली रंगवलेली वेदी आहे, तिला वेळ द्या. १९९९ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. त्याच यादीतल्या दार्जिउ गावात लोक अजून तटाच्या बुरुजात डुकराचं खारवलेलं मांस टांगून ठेवतात.

राहिलं ब्रान. ते ब्राशोवच्या एका बाजूला, प्रेज्मेर दुसऱ्या बाजूला, दोन्ही तासाभराच्या आत, सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात आरामात होतं, फक्त जिने उभे आहेत तेव्हा चपला घालून जाऊ नका.