आवाज न करता बिघडणाऱ्या वस्तू

थंडी सरली, खिडक्या उघडल्या, की घरोघर साफसफाई निघते. ती व्हायलाच हवी. पण माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्यातलाच एखादा तास तपासणीला द्या, आणि सुरुवात अशा वस्तूंपासून करा ज्या बिघडल्या तरी आपल्याला कळत नाहीत. नळ गळायला लागला, पंखा कुरकुरला, की आपण कोणालातरी बोलावतोच. जीव वाचवण्यासाठी बसवलेल्या वस्तू मात्र गुपचूप निकामी होतात, आणि ते नेमकं अपघाताच्या क्षणी समजतं.

सगळ्यात आधी मेन बोर्डावरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळून कोणाला शॉक लागायला लागला की वीज तोडणारा खटका, जिला काही जण अजून ईएलसीबी म्हणतात. तिच्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. कित्येक घरांत ते बसवल्यापासून कोणी दाबलेलंच नसतं. घरात वापरली जाणारी आरसीसीबी साधारणपणे 30 मिलिअँपिअर गळतीला, 0.3 सेकंदाच्या आत, वीज तोडते. शेजारची 16 अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की पडणारा खटका, हे काम करू शकत नाही. 16 अँपिअर म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. ती वायरिंग जळू नये म्हणून असते, शॉक लागलेल्या माणसासाठी नाही. वर्षानुवर्षं न हललेली आरसीसीबी आतून जाम होऊ शकते, म्हणून कॉम्प्युटर वगैरे बंद करून ते बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर ती आजच बदलायची वस्तू आहे. आणि घरात आरसीसीबीच नसेल तर नवा पडदा, नवा रंग सगळं थांबू दे, आधी ती बसवा.

एक गोष्ट इथे सहसा सांगितली जात नाही. ते बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही. जमीन कोरडी पडते तसा अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून ते मोजून घ्यायचं तर पाऊस नसलेल्या कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात घेतलेला आकडा तुम्हाला खोटा दिलासा देईल.

मग एसी. महिनोन्‌महिने बंद असलेलं यंत्र आपण पहिल्या उकाड्याला एकदम पूर्ण जोरात चालवतो. फिल्टर धुतला म्हणजे झालं, असं समजू नका. प्लग आणि सॉकेट बघा. पिवळसर-तपकिरी डाग, जळका वास, अर्ध्या तासाने हाताला गरम लागणारा प्लग, यातलं काहीही दिसलं तर जोडणी सैल आहे. अशा सैल जागी तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. म्हणूनच हिवाळाभर मोबाईल चार्जरला पुरलेला एक्स्टेंशन बोर्ड एसीला चालत नाही, कितीही दणकट दिसला तरी.

धुराचा अलार्म असेल तर त्याचंही बटण दाबा, आणि मागची तारीख वाचा. दहा वर्षं झाली की अख्खा अलार्मच बदलायचा असतो, नुसती बॅटरी नाही. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा.

गॅसच्या नळीवर छापलेली मुदत बघा, आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीच तपासू नका. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे भिंतीतला वरचा झरोका उघडून भागत नाही. दार उघडा, आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका.

कूलरची टाकी, कुंडीखालच्या ताटल्या आपण नुसत्या ओततो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. पाणी भरलं की उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून भिंती घासायच्या, ब्रश जोरात चालवून.

लहान मुलं असतील तर खिडकीखालचा पलंग आणि खुर्ची आजच हलवा. डासांची जाळी डास अडवते, मुलाचा भार पेलत नाही. या एका गोष्टीत मी कोणाचंही 'बघू नंतर' ऐकून घेत नाही.

संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

गाडीच्या टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण 1 पीएसआयने वाढतो. पण प्रवास करून तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी भरेल. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. रबर किती म्हातारं झालंय ते तिथे कळतं.

हे सगळं झालं की प्रत्येक वस्तूवर मार्करने तारीख घाला. आणि आईवडील किंवा कोणी थकलेलं माणूस वेगळं राहत असेल, तर त्यांच्याकडे या आठवड्यात स्वतः जा. फोनवर सांगून उपयोग नाही, ते बटण दाबायला स्टुलावर चढतील. त्यांची आरसीसीबी तुम्ही तपासा, गॅसची नळी तुम्ही बघा, आणि जुनी झालेली दिसली तर बदलूनच परत या.