टोपलीभर फुकट

फुकटात अळंबी खायला मला आत्तापर्यंत १५० युरो खर्च आला आहे. वेताची टोपली ३५, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबीला घाम सुटतो आणि ती सडते. मागच्या टोकाला इवलासा ब्रश असलेली घडीची सुरी २२. बूट ५५. ओळख पटवायचं चित्रांचं पुस्तक ३०. आणि भडक नारिंगी बंडी ८. अळंबीचा मोसम आणि शिकारीचा मोसम इथे एकच. झुडपात वाकून खुडबुड करणारा सावळा प्राणी म्हणजे रानडुक्कर नव्हे, हे शिकाऱ्याला लांबून कळलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी पॅरिसचं भाडं परवडेना म्हणून आम्ही फ्रान्समधल्याच कोरेझ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आलो. बाजारात किलोला पंचवीस-तीस युरो मोजून घेतात ती ‘सेप’ नावाची अळंबी घरामागच्या रानात आपोआप उगवते, असं कळलं आणि माझ्यातला देवरुखकर ताडकन उठून बसला. सेपची शेतीही होत नाही म्हणे. ओक, चेस्टनट असल्या झाडांच्या मुळांशी तिचा संसार असतो, तो मोडून तिला वाफ्यात नांदवता येत नाही. म्हणजे कोट्यधीश असो की आपण, शेवटी कुणीतरी रानात वाकायचंच.

पहिल्या वसंतात मी सराव म्हणून सोप्या गोष्टींवर हात साफ केला होता. खाजऱ्या पाल्याचं सूप केलं. हा पाला नुसता लागला तरी हात तासभर चुरचुरतो, शिजवला की गाय. काकडं घालून शेवळं खाणाऱ्या घरातल्या माणसाला खाजेचं काय कौतुक! मग एक पिवळ्या फुलाची पालेभाजी, उकडलेल्या अंड्याबरोबर कच्ची खायची. तिला म्हणतात ‘पिसाँली’. याचा शब्दशः अर्थ अंथरुणात मुतवणारी. इतकं प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कुठल्या भाजीला ऐकलेलं नाही, आणि ते खरं असल्याचं मला पहाटे तीन वाजता कळलं.

पण अळंबीचं काम निराळं. शेजारचे म्हातारबुवा आमचे जिवलग. घराची किल्ली आमच्याकडे ठेवतात, भावाबरोबरच्या बांधाच्या भांडणाची सगळी कागदपत्रं त्यांनी मला वाचून दाखवली आहेत. विचारलं, “मस्यू, सेप कुठे मिळतात?”

“जंगलात,” ते म्हणाले.

“जंगलात कुठे?”

ते बराच वेळ विचारात पडले. “झाडं असतात तिथे.”

इथे ज्याचा त्याचा एक ‘कोपरा’ असतो आणि तो कुणी कुणाला सांगत नाही. मला याचं नवल वाटायला नको होतं. आमची आजी पावसाळ्यात पहाटे एकटी निघायची आणि पदराखाली अळंबी झाकून आणायची. ते वारूळ कुठलं, हे तिने सुनांनाही सांगितलं नाही. तिच्याबरोबरच ते गेलं.

त्यात आमच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ७५, म्हणजे पॅरिस. २००९ पासून नव्या प्लेटवर हव्या त्या जिल्ह्याचा आकडा लावता येतो, पण गाडी घेताना मला वाटलं, ७५ रुबाबदार दिसेल. गणपतीत एमएच-१२च्या गाडीकडे आमचं गाव ज्या नजरेने बघतं, त्या नजरेने जंगलाच्या तोंडाशी आमच्या टायरांकडे बघितलं जातं. तेव्हापासून गाडी चर्चपाशी उभी करतो आणि दोन किलोमीटर चालतो.

शिवाय ‘फुकट’ या शब्दालाही इथे तळटीप आहे. फ्रान्सचं तीन-चतुर्थांश जंगल खासगी मालकीचं, आणि दिवाणी संहितेचं कलम ५४७ सांगतं की जमिनीत उगवलेलं सगळं जमीनमालकाचं. सरकारी जंगलात साधारण माणशी पाच लिटरपर्यंत काणाडोळा करतात. अळंबी लिटरमध्ये मोजतात हे वाचून मला आधी छापायची चूक वाटली. दहा लिटरच्या वर गेलात तर कागदोपत्री तीन वर्षं कैद आणि ४५,००० युरो दंडापर्यंत मजल जाते. माझा पहिल्या तीन आठवड्यांचा एकूण माल चहाच्या कपात मावला असता, त्यामुळे कायद्याने माझी दखल घेतली नाही.

मग ऑक्टोबरात चांगला पाऊस झाला, मागोमाग ऊन पडलं. दहा दिवस दम धरला आणि निघालो. सेपची टोपी खरपूस पावासारखी तपकिरी. दुर्दैवाने चेस्टनटचं वाळलेलं पानही तसंच, आणि पानं काही लाख. दोन तासांत मी निदान चाळीस पानांपुढे गुडघे टेकले. तरी घरी येईतो टोपलीत चौदा नग होते, आणि मी ताठ मानेने औषधाच्या दुकानात गेलो.

हो, औषधाच्या दुकानात. इथल्या फार्मसिस्टला शिक्षणातच अळंबी ओळखायला शिकवतात, आणि हिरव्या क्रॉसच्या दुकानात टोपली दाखवायची जुनी रीत आहे. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या रांगेत मी टोपली घेऊन उभा. बाईंनी वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक नग उलटा करून मांडू लागल्या. जिला मी सेप म्हणून सर्वांत वर ठेवली होती, तिच्या टोपीखालचा स्पंज गुलाबीसर आणि देठावरची जाळी काळपट. खऱ्या सेपच्या देठावर जाळी पांढरी असते. “विषारी नाही,” बाई म्हणाल्या, “पण ही एक पडली की अख्खी कढई कडू.” दुसरीला त्यांनी अंगठा लावला तर ती शाई सांडल्यासारखी निळी झाली. काळी, जळक्या नरसाळ्यासारखी जी मी लाजून तळाशी लपवली होती, ती म्हणे उत्तम! तिचं नाव ‘मरणाची तुतारी’.

मग त्यांनी एक फिकट हिरवट टोपीची, सुबक, गोरीपान अळंबी उचलली. खाली पांढऱ्या पडद्या, देठाला झालर, बुडाशी पिशवी. बाई बोलायच्या थांबल्या.

“ही कुठे मिळाली?”

मी सुखावलो. या गावात मला पहिल्यांदाच कुणी ‘कुठे’ विचारत होतं! “तो माझा कोपरा आहे,” मी हसून म्हणालो.

ती आमानित फालोईद होती. यकृत निकामी करते, अर्धी अळंबीसुद्धा पुरते. तिच्या शेजारी बसल्याबद्दल उरलेल्या तेराही कचऱ्यात गेल्या, मरणाची तुतारीसुद्धा. हात धुवायला बाईंनी मला आतल्या नळाकडे पाठवलं.

पुढच्या शनिवारी मात्र घडलं. शेवाळलेल्या बुंध्यापाशी, नेच्यांच्या आड, चार सेप. बाळाच्या मांडीसारखे जाड देठ, पांढरी जाळी. शिजवण्याआधी अळंबीचा फोटो काढून ठेवा, विषबाधा झाली तर डॉक्टरांना ओळखायला बरं पडतं, असं इथली सरकारी आरोग्यसंस्था सांगते. मी आज्ञाधारक. जागेवरच फोटो काढला, आईलाही पाठवला. लगेच फोन आला.

“अरे, कुत्र्याच्या छत्र्या त्या! टाक आधी.”

“अगं आई, आजी नाही का आणायची?”

“ती आपली होती. ओळखीची. हिचं कूळ कुठलं, मूळ कुठलं?”

फार्मसीतल्या बाईंनी चारही पास केल्या. ब्रशने माती झाडली, लोणी, लसूण, वरून अंडी. बायकोने आम्लेटचा वास घेतला, वाहवा म्हणाली आणि स्वतःसाठी पिठलं टाकलं. “दोघांनीही खाल्लं तर गाडी कोण चालवणार?”

चव अशी होती की १५० युरो विसरलो. रात्री नऊला खाल्लं, साडेनऊला पुस्तक उघडलं. एरवी बाधलं असेल तर तासा-दोन तासांत कळतं आणि माणूस मोकळा होतो. इथे उलटं. लवकर ओकारी झाली तर सहसा बरं. फालोईद सहा ते चोवीस तास गप्प बसते. म्हणजे मी तीन वाजेपर्यंत ठणठणीत होतो आणि तीन वाजल्यापासून मला ठणठणीत असण्याचीच भीती वाटू लागली. पोटात गुडगुडलं ते पिठल्याचं असावं. उरलेलं तेही मीच संपवलं होतं.

सकाळी म्हातारबुवा कुंपणाशी होते. जिवंत असल्याच्या आनंदात मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोन नाकाजवळ नेला. अळंबीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते मागचा शेवाळलेला बुंधा बघत होते.

“छान आहेत,” ते म्हणाले आणि फोन परत दिला.

पुढच्या शनिवारी मी पोचलो तेव्हा नेच्यांच्या आड पालापाचोळा नीट सारखा करून ठेवलेला होता. उकरला तर खाली सुरीने सरळ कापलेली सात बुडखं. घरी आलो तर दाराच्या कडीला अक्रोडांची पिशवी लटकत होती. गेल्या वर्षी दिले होते, त्याच्या दुप्पट.