शाहिरानं अर्थ सांगावा का?

नाशिकच्या रविवार कारंजाच्या टपरीवर काल भांडण पेटलं ते थेट बॉब डिलन या अमेरिकन गायक-गीतकारावरून. एरवी आम्ही पार्किंगवरून भांडतो.

सुरुवात मास्तरांनी केली. मोबाईलवर त्यांनी शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी रेडिओवरची एप्रिल १९६३ ची मुलाखत लावली. समोर मुलाखत घेणारा स्टड्स टर्केल, आणि एकवीस वर्षांचा डिलन गिटार घेऊन. यातली काही गाणी ज्या रेकॉर्डवर होती, ती बाजारात यायला अजून महिना होता. टर्केल त्याच्या 'हार्ड रेन' या गाण्याबद्दल विचारताना अणुबॉम्बच्या पावसाचं काढतो. हा म्हणतो, तसला नाही, जोराचा पाऊस आहे नुसता.

बापू उखडलाच. "घाबरला भो तो! आपले वामनदादा कर्डक बघ, सिन्नरच्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षरं शिकले, पण गावोगाव गाताना आडपडदा ठेवला का कधी? बाबासाहेब म्हणजे बाबासाहेब. शाहीर असा अंग काढून घेतो का?"

पम्या म्हणाला, 'हार्ड रेन' क्युबाच्या पेचप्रसंगावरच आहे, अमेरिका-रशियात अणुयुद्ध पेटायची वेळ आली होती त्यावर, सगळ्यांना माहितीये. मास्तर हसले. "तो पेच ऑक्टोबर १९६२ चा. गाणं सप्टेंबरातच गाऊन झालं होतं." पम्यानं चहा ओढला आणि बराच वेळ बोलला नाही. (मलाही क्युबाच वाटत होतं, पण मी गप्प होतो.)

मग मास्तरांनी डेव्ही मूरचं गाणं लावलं. हा मुष्टियोद्धा २१ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये शुगर रामोसकडून हरला आणि चार दिवसांनी गेला. एप्रिल सरायच्या आत त्याच्यावरचं गाणं रेडिओवर! रेफ्री म्हणतो मी नाही मारलं, प्रेक्षक म्हणतात आम्ही नाही, मॅनेजर, पैजा लावणारा, पत्रकार, शेवटी ठोसा मारणारासुद्धा. प्रत्येकाकडे कारण तयार, आणि प्रत्येक कारण ऐकायला बरोबरच वाटतं. बापू मांडीवर ताल धरत होता, हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

"ह्यात पण सांगितलं नाही कुणी मारलं ते," मी म्हटलं.

"इथं सांगायची गरजच काय? तिकीट काढून बघणारे पण त्यातच आले की!"

"मग पावसाच्या गाण्यालाच का सांगावं?"

बापू अडकला. तेवढ्यात मास्तरांनी खिशात ठेवलेला पत्ता टाकला. त्याच मुलाखतीत डिलन त्याच गाण्यातल्या विषाच्या गोळ्यांचा अर्थ स्वतःहून सांगतो: रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून लोकांना सांगितलं जाणारं खोटं. रेडिओवर बसून!

"हे आधी सांगायचं ना मास्तर!" बापू ओरडला. "म्हणजे सांगतो तो."

"सांगतो. पण दुसऱ्यानं हातात दिलेला अर्थ घेत नाही."

माझं मतही तेच पडलं. बापूला मात्र अजून पटलेलं नव्हतं. किक मारता मारता म्हणाला, "उद्या वामनदादांची गाणी आणतो. मधे कुणी अर्थ विचारला, तर चहाचे पैसे त्यानं द्यायचे."